कॉइल बदलायच्या आधी ड्रायरची हवा बघा

जुलैचा दुसरा आठवडा लागला की माझा फोन सकाळी साडेसातलाच वाजायला लागतो. पलीकडून बहुतेक वेळा एकच तक्रार असते: "दादा, ड्रायर फिरतोय, गरमही होतोय, पण कपडे ओलेच निघतायत." ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत मी घरगुती यंत्रं दुरुस्त करतो. वॉशिंग मशीनची कामं बारा महिने चालतात, ड्रायरची मात्र पावसाळ्यात. हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड, खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल, मुलांचे युनिफॉर्म इस्त्रीने वाळवायची धडपड, बाळ असेल तर दुपट्यांचा ढीग आणि सगळ्या घरभर तो कुबट वास. त्यात ड्रायरने मान टाकली की माणूस घाईला येतो, आणि घाईत नको तो पार्ट बदलला जातो. बहुतेकदा तो पार्ट कॉइल असतो, आणि बहुतेकदा कॉइल चांगली असते.

म्हणून आधी हे यंत्र चालतं कसं ते नीट सांगतो. ते कळलं की निम्मी दुरुस्ती घरच्या घरी होते आणि उरलेल्या निम्म्यात कुणी तुम्हाला फसवू शकत नाही.

ड्रायरच्या आत फार काही नसतं. पत्र्याचा ड्रम, तो फिरवणारी मोटर, मोटर आणि ड्रमला जोडणारा लांब पट्टा, हवा ओढणारा पंखा आणि हवा तापवणारी कॉइल. बऱ्याच मॉडेलमध्ये ड्रम आणि पंखा एकाच मोटरवर चालतात. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती कॉइलवरून जाताना तापते, ड्रममध्ये वरून खाली पडत राहणाऱ्या कपड्यांमधून जाते, त्यांचं पाणी उचलते, जाळीतून गाळून निघते आणि बाहेर पडते. ही वाट कुठेही अडली की कपडे वाळणं थांबतं, मग कॉइल कितीही लाल होऊ दे. इडलीपात्रात उष्णता भरपूर असते, पण आत ठेवलेलं फडकं कोरडं होत नाही, ते वाफेने भिजतं. हवा अडलेल्या ड्रायरची गत तीच.

पावसाळ्यात हवाच ओली, ती कपडे काय वाळवणार, असं मला पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. जुलैतली ३० अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची एक घनमीटर हवा घ्या. तिच्यात साधारण २७ ग्रॅम पाणी आधीच असतं आणि आणखी तीन ग्रॅमच मावतं. म्हणूनच दोरीवरची जीन्स तीन दिवस ओलसर राहते. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची पाणी धरायची क्षमता घनमीटरला १३० ग्रॅमच्या आसपास जाते. प्रत्यक्षात हवा इतकी काठोकाठ भरून बाहेर पडत नाही, कारण पाणी उडवता उडवता ती स्वतःही निवते. तरी जागा पुष्कळ उरते. भर पावसात ड्रायर चालतो तो या हिशेबावर.

पण ती भरलेली हवा घराबाहेर गेली पाहिजे. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये एका काकूंच्या घरी मी गेलो, तेव्हा त्यांच्या ड्रायरची कॉइल दोन महिन्यांत दोनदा बदलून झाली होती. यंत्र ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या वर भिंतीला टांगलेलं. पावसाची झड आत येते म्हणून बाल्कनीची सरकती काच गच्च बंद, आणि ड्रायरची हवा त्याच चार फुटांच्या बाल्कनीत सुटत होती. छताला बुरशीचे काळे ठिपके, काचेवरून ओघळ. ड्रायर आपलीच वाफ पुन्हा पुन्हा आत ओढत होता. काच एक वीतभर उघडून मी तोच गठ्ठा लावला आणि सव्वा तासात कपडे वाळले. काकू म्हणाल्या, "अहो, मग पैसे कशाचे घेणार तुम्ही?" मी चहा घेतला आणि व्हिजिटचे तेवढे घेतले. जुनी कॉइल त्यांनी जपून ठेवली होती. मीटर, म्हणजे पार्ट तपासायचं हातातलं यंत्र, लावून पाहिलं तर ती ठणठणीत होती.

एका वेळच्या कपड्यांतून किती पाणी बाहेर पडतं याचा अंदाज लोकांना नसतो. कोरड्या वजनाने पाच किलो कपडे हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगाने, पिळून निघाले तरी त्यांच्यात साधारण तीन लिटर पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन तुमच्या बाल्कनीत येतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला वीज लागते सुमारे पाऊण युनिटला थोडी कमी. म्हणजे तीन लिटरला निव्वळ दोन युनिट, आणि पत्रा तापवण्यात, हवेबरोबर जाण्यात वाया जाणारी धरून तीन ते चार. महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने महाग होत जातं. १०० युनिटच्या पुढे दर वाढतो, ३०० च्या पुढे आणखी. रोज एक गठ्ठा ड्रायरमध्ये टाकणारं घर महिन्याला नव्वद-शंभर युनिट वर चढतं आणि ती शंभर युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात मोजली जातात.

इथे एक अगदी साधी बचत आहे. पाणी वाफ करून काढण्यापेक्षा गरगर फिरवून काढणं कितीतरी स्वस्त पडतं. वॉशिंग मशीनमध्ये १२०० चा स्पिन असेल तर ८०० वर थांबू नका. पाच किलो कपड्यांत अर्धा-पाऊण लिटर पाणी तिथेच निघून जातं. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर कपडे हलवून स्पिनच्या टबात आणखी एकदा टाका. ड्रायरची निदान दहा-पंधरा मिनिटं वाचतात.

जाळी, नळी आणि कबुतरं

प्रत्येक फेरीनंतर जाळी साफ करायची. आठवड्यातून एकदा नाही, प्रत्येक फेरीनंतर. जाळीवर साठणारी ती मऊ राखाडी चादर म्हणजे कपड्यांची झडलेली लव, आम्ही तिला लिंट म्हणतो. नवे टॉवेल आणि सुती चादरी सगळ्यात जास्त लिंट सोडतात. हाताने ती सोलून निघते, ब्रशचीही गरज नसते. जाळी बसते त्या खाचेत मात्र पुष्कळ लिंट खाली घसरलेली असते. तिथे महिन्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरची चपटी नळी घाला, किंवा लांब दांड्याचा बाटली धुवायचा ब्रश.

जाळी दिसायला स्वच्छ, तरी हवा जात नाही, असंही होतं. कपड्यांना मऊपणा आणणारं लिक्विड वापरणाऱ्या घरांत जाळीवर त्याचा पारदर्शक थर चढतो. तपासायला सोपं आहे. जाळी नळाखाली आडवी धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक. वर तळं साचलं तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. ओली जाळी बसवली की पहिल्याच फेरीत लिंट तिच्यावर लगद्यासारखी चिकटते.

तोच थर आणखी एका जागी त्रास देतो. सेन्सरवाल्या ड्रायरमध्ये दाराच्या आत, ड्रमच्या कडेला दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्याच्यातून बारीकसा प्रवाह जातो, त्यावरून यंत्राला कळतं की अजून ओल आहे. पट्ट्यांवर थर चढला की प्रवाह जात नाही, यंत्राला वाटतं कपडे वाळले, आणि वीस मिनिटांत ते थांबतं. कार्ड, म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, खराब झालंय असं सांगून मोठं बिल लावण्याची ही हुकमी जागा आहे. आधी फडक्यावर थोडा व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा आणि पुन्हा लावून बघा.

आता नळी. ज्या ड्रायरची हवा नळीतून खिडकीबाहेर काढलेली असते, तिथे नळी जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली. एक काटकोनी वळण म्हणजे नळी पाच फुटांनी लांबवल्यासारखं आहे. अशी तीन वळणं घेऊन, फॉल्स सीलिंगमधून फिरवून हॉलच्या खिडकीत काढलेल्या नळ्या मी पाहिल्यात. इंटिरियरवाल्याने ती दिसू नये म्हणून मेहनत घेतलेली असते, पण पंखा बिचारा त्या बोगद्यातून हवा ढकलू शकत नाही. स्प्रिंगसारख्या प्लास्टिकच्या नळीच्या प्रत्येक घडीत लिंट बसते. धातूची, आतून गुळगुळीत नळी घ्या. जोडावर स्क्रू मारू नका, त्याचं टोक आत येतं आणि लिंट त्यावर अडकून गोळा होतो. क्लिप लावा.

बाहेरच्या तोंडाचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे, तो म्हणजे कबुतरं. ऊबदार, कोरडी, पावसापासून आडोसा असलेली चार इंची नळी म्हणजे त्यांना आयतं घर. नेरुळला एका नळीतून मी काड्यांनी आणि पिसांनी भरलेलं अख्खं घरटं काढलंय. त्यावर उपाय म्हणून लोक तोंडाला मच्छरदाणीची बारीक जाळी बांधतात आणि नवा रोग लावून घेतात, कारण ती जाळी दोन-तीन आठवड्यांत लिंटने बुजते. बाहेरच्या तोंडाला वर उचलली जाणारी हलकी झडप लावा. पंखा चालू झाला की हवेने ती उघडली पाहिजे आणि बंद झाला की आपोआप मिटली पाहिजे. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती मोठ्या चौकटीची नायलॉनची जाळी चालते, तिच्यातून लिंट उडून जाते.

नळी दोषी की यंत्र, हे ठरवायची चाचणी कुणीही करू शकतो. नळी ड्रायरपासून सोडवा, खिडकी उघडी ठेवा आणि नेहमीचा गठ्ठा एकदा लावा. वेळेत वाळला तर यंत्राला हात लावायची गरज नाही.

आग कशी लागते

हे मी मुद्दाम लांबवून लिहितो, कारण आपल्याकडे ड्रायर नवा आहे आणि त्याच्या आगीची भीती अजून घरात शिरलेली नाही. अमेरिकेत ड्रायर घरोघरी आहेत. तिथल्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला २,९०० च्या आसपास निघाल्या आणि त्यांचं पहिलं कारण होतं साफसफाई न करणं. लिंट म्हणजे पिंजलेला कापूस. निरांजनाची वात किती चटकन पेटते ते आपल्याला माहीत आहे. तो कापूस तापलेल्या कॉइलजवळ साठला आणि हवा अडल्याने कॉइल नेहमीपेक्षा जास्त तापली, की दुसरं काही लागत नाही.

दुसरं कारण तेलाचं आहे आणि ते आपल्या घरांत जास्त लागू पडतं. दिवाळीच्या अभ्यंगाचे पंचे, बाळाच्या मालिशची दुपटी, आजींच्या गुडघ्याला तेल लावायचं फडकं, स्वयंपाकघरातलं हातपुसणं. यातलं तेल एका धुण्यात पूर्ण जात नाही. तीळ, करडई, सूर्यफूल, जवस यांची तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि तसं होताना उष्णता निघते. थंड कपड्यात ही क्रिया इतकी हळू चालते की जाणवतही नाही. ड्रायरमधून काढलेला गरम गठ्ठा तसाच बादलीत दाबून ठेवला, तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती वाढत जाते आणि काही तासांनी गठ्ठा आतून धुमसू शकतो. खोबरेल यात बरंच सौम्य आहे, पण घरात कुठल्या पंच्याला कुठलं तेल होतं हे कोण लक्षात ठेवणार? तेलाची फडकी दोरीवरच वाळवा. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने डाग काढलेला कपडा तर ड्रायरच्या जवळही नेऊ नका.

याच कारणाने शेवटची थंड हवेची दहा मिनिटं कापू नका. बस सुटतेय म्हणून मधेच दार उघडलंत, तर कपडे लगेच बाहेर काढून पसरा. गरम ढीग आत सोडून, बटण बंद करून घराबाहेर पडू नका.

मीटर हातात घेतल्यावर

आता खऱ्या दुरुस्तीकडे येतो. आधी प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. भिंतीवर टांगलेलं यंत्र एकट्याने उतरवू नका. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हातमोजे घाला. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका. मोटरला वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही काही काळ झटका देऊ शकतो. त्याचं काम माहीत नसेल तर तिथून हात लांब ठेवा.

ड्रम फिरतोय पण हवा गार येते, ही तक्रार असेल तर कॉइल, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज हे तीन पार्ट तपासायचे. कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावा. २३० व्होल्टवर २,००० वॉटची कॉइल असेल तर साधारण २६ ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर ती तुटली आहे. दोन कॉइलचा हीटर असेल तर दोन्हींची मोजणी वेगळी करा. एक टोक कॉइलला आणि दुसरं पत्र्याला लावून आकडा आला, तर कॉइल पत्र्याला टेकली आहे. अशा घरात ड्रायर लावला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडते.

थर्मल फ्यूज हा नखाएवढा, शंभर-दोनशे रुपयांचा पार्ट यंत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. आतली हवा प्रमाणाबाहेर तापली की तो कायमचा तुटतो आणि कॉइल किंवा अख्खं यंत्र बंद पाडतो. काही मॉडेलमध्ये त्याच्या जागी हाताने दाबायचं रीसेट बटण असतं. फ्यूज उडाला म्हणजे हवा कुठेतरी अडली होती किंवा थर्मोस्टॅट चिकटला होता. कारण न शोधता नवा टाकला तर तोही उडेल. आणि काही कारागीर तिथे तार जोडून यंत्र "चालू" करून देतात. तुमच्या समोर कुणी असं करत असेल तर तिथेच थांबवा, त्याला राग आला तरी चालेल. ती तार म्हणजे घराच्या आणि आगीच्या मधला शेवटचा दरवाजा काढून टाकणं आहे.

मोटरचा आवाज येतो, ड्रम हलत नाही, आणि हाताने फिरवला तर सैलपणे भिरभिरतो: पट्टा तुटला. पट्टा स्वस्त आहे, बसवायला मात्र यंत्र बरंच उघडावं लागतं, म्हणून मजुरी पट्ट्यापेक्षा जास्त होते. ती मागणारा फसवत नाहीये. नुसती गुंगुं येते आणि काहीच फिरत नाही, तर आधी ड्रममध्ये काही अडकलंय का ते बघा. परकराची नाडी, पायजम्याची नाडी, ब्राची तार या गोष्टी ड्रम आणि पुढच्या पत्र्याच्या फटीत शिरून सगळं जखडून टाकतात. नाड्या गाठ मारून टाका, साडी तर टाकूच नका, ती दोरखंडासारखा पीळ घेते आणि मध्ये ओलीच राहते. कपड्यांवर काळपट रेघा उमटायला लागल्या तर ड्रमच्या कडेचा नमद्याचा पट्टा झिजलाय. तो वेळेत बदलला तर ड्रम वाचतो.

काहीच चालू होत नसेल तर दाराचा स्विच. दार लावताना बारीक टक् आवाज आला पाहिजे.

आणि प्लग. अर्धा तास चालल्यावर ड्रायर बंद करा, प्लग काढा आणि हाताला किती गरम लागतो ते बघा. कोमट असेल तर हरकत नाही, हात ठेववत नसेल तर सॉकेट सैल झालं आहे. २,००० वॉटचं यंत्र पावणेनऊ अँपियर ओढतं, त्याला १६ अँपियरचं सॉकेट आणि स्वतंत्र वायर हवी. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत वायरिंगही जुनं असलं तर ते आधी तपासून घ्या, कारण ती घरं बांधली तेव्हा ड्रायर कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. खाडीजवळच्या दमट, खाऱ्या हवेत वायरच्या टोकाचे पितळी लग हिरवे पडतात, तिथे रोध वाढतो, जागा तापते आणि वायर करपते. संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरलं तर तीच कॉइल २,००० ऐवजी दीड हजार वॉटच देते. मग कपड्यांना जास्त वेळ लागतो आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

नळी नसलेले, पाण्याची टाकी असलेले ड्रायर आता नव्या फ्लॅटमध्ये दिसतात. त्यातला वाफेचं पाणी करणारा कंडेन्सर महिन्यातून एकदा बाहेर काढून नळाखाली धुवायचा आणि टाकी दर फेरीला ओतायची. हीट पंपवाला ड्रायर म्हणजे पोटात फ्रिजसारखी यंत्रणा असलेला. तो वीज साधारण निम्मी घेतो, पण वेळ जास्त. त्याचे फिल्टर दुहेरी असतात, दोन्ही साफ करा. गॅसच्या भागाला घरी हात लावू नका. काहींमध्ये प्रोपेन असतो आणि तो पेटतो.

दुरुस्ती कधी सोडून द्यावी? ड्रमचा पत्रा गंजून भोकं पडली असतील, किंवा कार्ड आणि मोटर दोन्ही गेले असतील, तर मी स्वतःच नको म्हणतो. पट्टा, फ्यूज, थर्मोस्टॅट, कॉइल, दाराचा स्विच यांपैकी काहीही असेल तर यंत्र टाकून देऊ नका.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की ड्रायर बहुतेक घरांत झाकून ठेवला जातो. झाकण्याआधी एक रिकामी फेरी लावा, जाळी आणि खाच साफ करा, दार किंचित उघडं ठेवा, प्लग काढून ठेवा. नळीच्या बाहेरच्या तोंडाला कबुतरं आणि पाली शिरू नयेत म्हणून मी गिऱ्हाइकांना जुना मोजा बांधायला सांगतो, लाल रंगाचा असला तर उत्तम. आणि प्लगला एक चिठ्ठी चिकटवायची: "जूनमध्ये आधी मोजा काढा."